आज की उद्या?

'पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे' हे वाक्य आम्ही गेली तीस वर्षे वर्गात उच्चारीत आलो आहो. त्यातील धूर जर खरा असता, तर आमच्या महाविद्यालयातून डोळे न चोळता एकही पदवीधर बाहेर पडला नसता. तर्कशास्त्राच्या शिक्षकास हा धूर जन्मभर पुरतो. परंतु नैयायिकांनी अनुमानाचे आणखीही प्रकार सांगितले आहेत, आणि परीक्षेत त्यांवर सहसा प्रश्न येत नसल्यामुळे त्यांजकडे कोणाचे लक्ष जात नाही. नदीस गढूळ पूर आलेला पाहून वरच्या अंगास पाऊस झाला असे म्हणणे, हे शेषवत् अनुमान; आणि दाटून आलेले मेघ पाहून आता पाऊस पडेल असे म्हणणे, हे पूर्ववत्. झालेल्या गोष्टीचा माग काढणे आणि होणाऱ्या गोष्टीची वेळ सांगणे या दोहोंत किती अंतर आहे, हे मृगाच्या ढगांनी फसविलेल्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारावे. आमच्या मते मात्र या दुसऱ्या प्रकारच्या अनुमानाची खरी शाळा आकाशाखाली नसून गोठ्याच्या छपराखाली आहे. दिवस भरलेली गाय आज विणार की उद्या, या प्रश्नाइतका बुद्धीस नम्र करणारा प्रश्न आम्हांस तरी दुसरा आढळला नाही.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी दूध पिशवीतून येत असेल. आमच्याही घरी तसेच येते. तेव्हा दूध देण्यापूर्वी गाईस वासरू व्हावे लागते, हे आरंभीच सांगून ठेवणे इष्ट. या एका गोष्टीवर गोठ्याचे सारे अर्थशास्त्र उभे आहे, आणि आपल्या भाषेनेही ती मनात पक्की धरली आहे. गाईचे वय कोणी वर्षांत सांगत नाही. ती किती वेतांची हे सांगतात. न व्यालेली ती कालवड, पोटात गर्भ असलेली ती गाभण, पहिल्यानेच विणारी ती पहिलारू, दूध देणारी ती दुभती आणि आटलेली ती भाकड. शब्दांची ही उतरंड ज्यांनी रचली, त्यांचे लक्ष सदैव पुढच्या वेतावर होते यात शंका नाही.

हिशेब करू गेल्यास तो सोपा दिसतो. गाईचा गर्भकाल सुमारे २८० दिवसांचा, म्हणजे नऊ महिने आणि वर काही दिवस; म्हशीचा ३१० च्या आसपास. पूर्वी गाय कोणत्या दिवशी फळली हे रानातल्या वळूलाच ठाऊक. आता कृत्रिम रेतनामुळे तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेविता येते. परंतु या २८० ला आठ-दहा दिवस अलीकडे-पलीकडे सरकण्याची मुभा आहे, आणि एखादी गाय या मुभेचा संपूर्ण उपभोग घेते. तेवढ्या दिवसांच्या रात्री कोणी तरी जागून काढाव्या लागतात. लक्षणे ओळखण्याची विद्या निघाली ती या जागरणातून, ग्रंथातून नव्हे.

ही विद्या आम्ही जवळून पाहिली ती कऱ्हाड तालुक्यातील आमच्या मूळ गावी. जमिनीच्या कागदपत्रांच्या कामानिमित्त आम्ही फेब्रुवारीत तेथे आठवडाभर होतो. आमच्या घराच्या भिंतीस भिंत लागून ज्यांचे घर आहे, त्या आमच्या एका दिवंगत मित्राच्या पत्नी. आम्ही त्यांस वहिनी म्हणतो. वय साठीचे, शिक्षण चौथीपर्यंत, मुलगा पुण्यास नोकरीस, घरी सून आणि एक नातू. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ महाराष्ट्रभर पसरली, तीत त्यांची चौथ्या वेताची संकरित गाय गेली. दोन्ही वेळचे मिळून पंधरा लिटर दूध डेअरीला घालणारी ती गाय गेल्यावर त्या घरात रोजच्या पैशाची जी वाट होती, ती बुजली. मागे राहिली ती तिची एक कालवड. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून चांदणी. सुमारे तीन वर्षे त्या कालवडीस त्यांनी विकतचा चारा घालून वाढविले होते. तीन वर्षे केवळ खर्च आणि उत्पन्न शून्य, असा व्यवहार जमाखर्चाच्या कोणत्याही पुस्तकास मान्य होणार नाही. पण गोठ्यात तो घरोघर चालतो. आता ती चांदणी पहिलारू होती. ५ मे रोजी ती भरविल्याची खूण दिनदर्शिकेवर होती, त्या हिशेबाने ९ फेब्रुवारी हा दिवस येत होता.

९ तारीख आली आणि गेली. आम्ही वहिनींस म्हटले, "वहिनी, दिवस तर भरले."

"दिस भरल्यात, भाऊजी, पर दिसाचं काय खरं? तिला कुटं क्यालेंडर वाचता येतंय?"

त्यानंतर दोन दिवस आम्ही त्या गोठ्यात बसून होतो, असे म्हटले तरी चालेल. चांगल्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्याचे सुख बऱ्याच वर्षांनी लाभले. वहिनी गाईकडे पाहत, ते प्रथम मागून. गाईचे मुख सुंदर असते खरे. परंतु मुखावरून तिचे भविष्य कळत नाही.

पहिले लक्षण कासेचे. पहिलारू गाईची कास विण्यापूर्वी महिना-दीड महिना आधीपासूनच भरू लागते. जुन्या गाईची कित्येकदा शेवटच्या आठवड्यात. म्हणून नवशिका मनुष्य कास पाहून उगाच घाई करतो. वहिनी कासेपेक्षा सडांकडे अधिक पाहत. सडावरच्या सुरकुत्या जाऊन ते तुकतुकीत व ताठ झाले आणि आत चीक उतरला म्हणजे वेळ जवळ आली. पण जवळ म्हणजे आज की परवा, हे सड सांगत नाहीत. दुसरे लक्षण मागच्या अंगाचे. ते सैल पडते, सुजल्यासारखे दिसते, आणि त्यातून मधासारखी दाट, चिकट तार लोंबू लागते. गर्भाशयाचे दार इतके महिने ज्या बुचाने बंद केलेले असते, ते बूच विरघळू लागल्याची ही खूण.

तिसरे लक्षण आम्हांस सर्वांत विलक्षण वाटले. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस एरवी दोरखंडासारखे ताठ स्नायुबंध हातास लागतात. विण्याच्या सुमारास ते ढिले पडून तेथे खळगे पडतात, शेपटीचे मूळ उंच उठल्यासारखे दिसते. "हाडं सोडल्यात," असे वहिनी म्हणत. वस्तुतः हाडे जागीच असतात. त्यांस बांधून धरणारे बंध सुटतात. १० तारखेच्या सकाळी त्यांनी आमचा हात धरून त्या जागी ठेवविला. बोटे आत दबली, तरी खाली काही ताणलेले लागले. ११ च्या दुपारी पुन्हा तेथे हात ठेवला, तेव्हा खाली काहीच लागले नाही. जणू शिजलेल्या भोपळ्यात बोट जावे. "आता रातीला झोपू नगा," वहिनी म्हणाल्या.

पशुवैद्यकाच्या पुस्तकात आणखी एक लक्षण दिलेले असते. विण्यापूर्वीच्या दिवसभरात गाईच्या अंगाचा उष्मा सुमारे अर्धा अंश सेल्सियसने उतरतो. तापमापक दोन्ही वेळा लावून टिपण ठेवणाऱ्यास याचा उपयोग होतो. टिपण नसेल तर एका वेळच्या आकड्यास काही अर्थ नाही. आयर्लंडात शेपटीस बांधावयाचे एक यंत्रही निघाले आहे. शेपटीच्या वाढत्या हालचालींवरून ते ताटकळणाऱ्या मालकाच्या भ्रमणध्वनीवर आगाऊ संदेश धाडते. त्या यंत्रास आम्ही नावे ठेवीत नाही. जेथे एका माणसाकडे शंभर गाई असतात, तेथे दुसरा उपाय तरी काय? ज्या घरी एकच गाय आहे, त्या घरी मात्र शेपटीकडे पाहणारे डोळे पुष्कळ असतात.

मग ही घटका ठरविते कोण? आमची अनेक वर्षांची समजूत अशी की आईचे शरीर थकले, गर्भ जड झाला, म्हणजे ते त्याचा भार टाकते. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स या प्रसूतिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करून दाखविले की निर्णय गर्भाचा असतो. त्याच्या शरीरातील ग्रंथी पक्व होऊन एक विशिष्ट द्रव्य वाढू लागते. त्याने आईच्या रक्तातील समतोल पालटतो आणि कळा सुरू होतात. गाईच्या बाबतीतही हाच क्रम असल्याचे पुढे दिसून आले. म्हणजे कास, सड, तार, खळगे ही जी लक्षणे आपण आईच्या देहावर वाचतो, ती शेवटच्या दिवसांत तरी आतल्या लेखकाने बाहेर पाठविलेली पत्रे होत. आम्ही ही हकीकत वहिनींस सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मग त्येला म्हणावं, लवकर काय ते ठरीव. मला उद्या भांगलायला जायाचंय."

११ तारखेस दुपारनंतर चांदणीने वैरण सोडली. कडबा समोर तसाच. ती दावणीपासून शक्य तितकी दूर सरकून, दावे ताणून उभी राहिली. कळपात असती तर कळप सोडून एखाद्या झुडुपाआड गेली असती. शेपटी अंगापासून वेगळी धरलेली. दर घटकेस थोडे मूत, थोडे शेण. मधूनच मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहणे, जणू तेथे कोणी हाक मारली आहे. बसली की उठली, उठली की बसली. वहिनींनी तिला दावणीवरून सोडून मोकळ्या आवारात घेतले, खाली कोरडे पाचट पसरले, आणि आम्हांस एका कोपऱ्यात बसवून बजावले की समोर येऊन उभे राहू नका. परके माणूस दिसले की गाय कळा आवरून धरते. यात अतिशयोक्ती नाही. बिथरलेल्या गाईची प्रसूती खरोखरच लांबते.

रात्री साडेदहाच्या सुमारास पाणमोट दिसली आणि फुटली. आता खरी परीक्षा लक्षणांची नव्हे, क्रमाची होती.

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. याज्ञवल्क्यस्मृतीत उभयतोमुखी गाईच्या दानाचे मोठे माहात्म्य सांगितले आहे. उभयतोमुखी म्हणजे दोहों अंगांस मुख असलेली. अर्थात् अर्धवट व्यालेली. वासराचे दोन पाय आणि मुख दिसू लागल्यापासून ते पूर्ण बाहेर पडेपर्यंत ती गाय साक्षात् पृथ्वी मानावी, असा स्मृतिकारांचा आशय आहे. असे दान देणारा यजमान आणि घेणारा विप्र त्या घटकेस गोठ्यात कितपत स्थिर चित्ताने उभे राहत असतील, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवितो. आम्हांस नवल वाटले ते त्या वर्णनाच्या अचूकपणाचे. दोन पाय आणि मुख! पुढचे दोन्ही पाय लांब केलेले आणि त्यांवर पालथे ठेवलेले डोके, पाण्यात उडी घेणाऱ्या पोहणाऱ्यासारखे. वासराने बाहेर येण्याची सरळ रीत हीच आहे. ज्याने हे लिहिले त्याने, निदान ज्याच्याकडून ऐकले त्याने, कंदील धरून हे पाहिले असले पाहिजे.

साडेअकरा वाजता वहिनींच्या सुनेने विजेरी धरली, तेव्हा दिसला तो एक पाय आणि नाकाचे टोक. खुराचा तळ खालच्या बाजूस होता, म्हणजे पाय पुढचाच; तळ वर असता तर तो मागचा आणि वासरू उलटे. पण पाय एकच. वहिनींनी अजून चार कळा जाऊ दिल्या. प्रत्येक कळेस नाक थोडे पुढे येई आणि परत जाई. दुसरा पाय दिसेना. त्यांचा चेहरा आम्ही तेवढ्यात एकदाच पाहिला. तीन वर्षांचा चारा, मेलेल्या गाईची एवढीच एक आठवण, नातवाची फी. असले शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. त्या सुनेस म्हणाल्या, "डाक्टरला फोन लाव."

पशुवैद्य दुसऱ्या गावी अशाच कामात होते. येण्यास दीड तास लागेल असे त्यांनी सांगितले. परंतु त्या सद्गृहस्थांनी फोन ठेविला नाही. सूनबाईंनी फोन उंच धरला आणि त्यातून आवाज येत राहिला: डोके ओढू नका. गाय बसली असेल तर उठवा. उभी असली की आत जागा मिळते. नखे काढा, हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, तेल लावा. वहिनींनी बांगड्या आधीच उतरविल्या होत्या.

आम्ही गाईचे मुंडके धरून उभे होतो. तेवढेच काम आमच्या योग्यतेचे होते. त्यामुळे पुढचे आम्ही पाहिले थोडे आणि ऐकले अधिक. कळ ओसरली की त्या वासराचे डोके हळूहळू मागे रेटीत. कळ आली की हात तसाच निश्चल ठेवून थांबत. कळेच्या विरुद्ध बळ करणे म्हणजे गर्भाशय फाडणे. तिसऱ्या की चौथ्या खेपेस त्या म्हणाल्या, "घावला. गुडघ्यात मोडून बसलाय." फोनमधून आवाज आला, "गुडघा वर-मागे ढकला, खूर मुठीत झाकून पुढं आणा." खूर मुठीत झाकावयाचा तो अशासाठी की त्याच्या धारेने आतले अंग चिरू नये. ही अक्कल वहिनींस फोनने शिकविली असे आम्हांस वाटत नाही. त्यांचा हात त्या शब्दांच्या आधीच तसा वळला होता. परंतु त्या आवाजामुळे हात कापला नाही, एवढे खरे. किती वेळ गेला ते घड्याळाप्रमाणे वीस मिनिटे. गाईच्या मुंडक्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने पुष्कळ अधिक.

मग दोन पाय आणि मुख. त्यापुढचे काम चांदणीने स्वतःच केले. वहिनींनी फक्त कळेबरोबर, तेही खालच्या दिशेस, ओढ दिली. वासरू पाचटावर पडले आणि हलेना. सूनबाईंनी एकदम तोंडावर हात घेतला. वहिनींनी त्याच्या नाकातोंडातील चिकट द्रव बोटाने काढला, पाचटाची काडी नाकपुडीत घातली, गोणपाटाने बरगड्या घासल्या, मग कानावर गार पाण्याचा तांब्या ओतला. वासरू शिंकले. चांदणी वळली आणि एक असा घोगरा, दबलेला हुंकार तिने काढला की तसा तिचा आवाज त्यापूर्वी आम्ही ऐकला नव्हता. ती त्यास चाटू लागली. चाटण्याने वासरू कोरडे होते, त्याचे रक्त खेळते, आणि दोघांची ओळख पटते. हे तिन्ही हेतू तिला ठाऊक होते की नव्हते, याची चर्चा तत्त्वज्ञांनी करावी.

वहिनींनी वासराची मागची तंगडी उचलून पाहिली.

"गोऱ्हा हाय," त्या म्हणाल्या.

सूनबाई काही बोलल्या नाहीत. शहरी वाचकांस या मौनाचा अर्थ सांगितला पाहिजे. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यापासून बैलास काम उरलेले नाही, आणि संकरित बैलास खिलारासारखे ऊनही सोसत नाही. दूध कालवडीच्या पोटी असते. गोऱ्ह्याच्या वाट्याचा चारा तेवढा असतो. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी झाल्यापासून त्यास घेणारे गिऱ्हाईकही फारसे नाही. सड, तार, खळगे ही सारी लक्षणे पाहणाऱ्या वहिनींस या एका प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी कशातही मिळाले नव्हते. पोटाच्या आकारावरून कालवड की गोऱ्हा हे सांगणारे जाणते गावोगाव असतात, आणि ते निम्म्या वेळा बरोबरही येतात. हव्या त्या लिंगाचे रेत निवडण्याची सोय आता झाली आहे. तिचे दर अधिक, आणि वहिनींनी त्या वेळी साधेच घेतले होते.

त्यांनी नाळेस आयोडीन लावले, हात धुतले, सड पुसले आणि पहिल्या चार धारा बाजूस सोडून वासरास ओढीत कासेपाशी आणले. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती मिळावयाची ती पहिल्या चिकातूनच, आणि वासराचे आतडे ती जशीच्या तशी शोषून घेते ते फार तर पहिला दिवसभर. पहिल्या काही तासांतला घोट पुढच्या साऱ्या घोटांहून मोलाचा. हे वहिनी आमच्या आधीपासून जाणत होत्या. गोऱ्हा असो की कालवड, त्याचे पोट भरल्यावाचून त्यांनी खरवसासाठी थेंबही काढला नाही. त्याचे पाय लटपटत होते. उजवा, आत दुमडलेला, थोडा अधिक.

एक वाजून गेल्यावर पशुवैद्य आले. त्यांनी हात घालून आत इजा नाही याची खात्री केली, सुई टोचली, आणि बारा तासांत वार न पडल्यास कळविण्यास सांगितले. वार सकाळी सहास पडली. गाय ती खाऊ पाहते, म्हणून ती होईपर्यंत वहिनी आवारात बसून होत्या. पडताच त्यांनी ती कुत्र्यांच्या नखास लागणार नाही इतक्या खोल पुरली. त्यानंतर त्या चहा ठेवण्यास घरात आल्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ११ फेब्रुवारीस त्यांनी पेन्सिलीने फुली केली, दोन पाने उलटली, दिवस बोटांवर मोजले, आणि १२ एप्रिलच्या चौकोनात, चांदणी पुन्हा भरविण्याच्या दिवशी, दुसरी फुली केली.